सरांची दोन तुकड्यांची बंदूक

पडेगावात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी नळ दाखवला. खिशातून पाना काढला, ओट्यावरचा नळ उघडला, त्याचे सगळे भाग फडक्यावर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "बघा. असा नळ दुसऱ्या घरात मिळायचा नाही. महिन्याला एकदा उघडा, पुसा, परत जोडा. जन्मात गळणार नाही."

मी विचारलं, "पाणी कधी येतं?"

"पाणी आठवड्यातून एकदा येतं," ते म्हणाले. "पण नळ उत्तम आहे."

मी खोली घेतली. मला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. साडी दहा मिनिटांत, भाजी दोन मिनिटांत, आणि बदलीचं गाव तर बँकच ठरवते. औरंगपुऱ्याच्या शाखेत मी तेव्हा नुकती रुजू झाले होते. ज्यांच्या घरात राहायला गेले ते मात्र निर्णय घेण्याच्या बाबतीत माझ्या अगदी उलट टोकाला उभे होते, हे मला पुढच्या आठ-पंधरा दिवसांत कळलं.

ते शाळेत कार्यानुभवाचे शिक्षक होते आणि एनसीसीही बघायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी वस्ती त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. ते मला नावानं हाक मारत नसत. "ओ बँकवाल्या बाई" म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी कधी मोजत बसले नाही.

सरांचं साऱ्या सृष्टीविषयी एकच म्हणणं होतं. "जे सुटतं ते साफ होतं, आणि जे साफ होतं ते टिकतं." त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू सुटायची. पलंग खुंट्या काढल्या की फळ्या होऊन भिंतीला टेकायचा. जेवणाचं टेबल, चपलांचं कपाट, दिव्याचा खांब, सगळं सरांनी स्वतः बनवलेलं आणि सगळं सुटणारं. देवघराच्यासुद्धा दिवाळीत फळ्या व्हायच्या, आणि तेवढा वेळ देव ताम्हणात बसून राहायचे. काकू, म्हणजे सरांच्या बायको, चितेगावकडच्या शेतकरी घरातल्या. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ह्या घरात मी एकलीच एका तुकड्याची हाय. माझ्या जवळ पाना घेऊन यायची ह्यायची हिंमत नाय."

वस्तू घ्यायची म्हटली की सरांचा खरा सोहळा सुरू व्हायचा. हॉलमध्ये पंखा घ्यायचा होता, तर दोन उन्हाळे काकूंनी पुठ्ठ्यानं वारा घेत काढले. सर दुकानोदुकानी जाऊन पंख्याची पाती कशी निघतात ते बघत होते. काकूंना बघायला आले तेव्हाही त्यांनी म्हणे सहा महिने झुलवलं होतं. मी सरांना त्याबद्दल विचारलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "घाई कुणाला होती? हिला तर नव्हती."

"मला होती," काकू आतून म्हणाल्या.

सरांकडे वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी बंदूक होती. चितेगावच्या शेतात रानडुकरं उतरतात म्हणून वडिलांनी तिचं लायसन काढलेलं. पुढं ते सरांच्या नावावर झालं. त्या बंदुकीनं सरांच्या हातून एकही डुक्कर मेलं नाही. एकदा भुईमूग काढणीला आला असताना ते मचाणावर बसले होते. संध्याकाळचा वारा सुटला, थोडी धूळ उडाली, आणि सरांना वाटलं की नळीत धूळ गेली असणार. त्यांनी बंदूक सोडली, म्हणजे सुटी केली. नळ्या मांडीवर, खांद्याला लावायचा दस्ता बाजूला, पुढचा लाकडी तुकडा खिशात, आणि हातात तेलाचं फडकं. नेमकी त्याच वेळेला डुकरीण पिलांसकट वाफ्यात उतरली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बघत बसलो," सर म्हणाले. "पिलं लई गोंडस होती हो. एक तर लंगडत होतं. त्याची आई त्याच्यासाठी मागं थांबायची. म्हटलं, खाऊ दे. आपल्याला शेंगा विकत मिळतात."

काकूंच्या माहेरी हा किस्सा अजून सांगतात, आणि सांगताना जावयाचा मान ठेवत नाहीत.

त्या दुनळीचा खरा त्रास शेतात नव्हता, निवडणुकीत होता. निवडणूक लागली की ज्याच्याकडे परवान्याचं हत्यार असेल त्यानं ते पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचं, आणि निकाल लागल्यावर परत आणायचं, अशी रीत आहे. आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. सर पहिल्यांदा बंदूक सोडून पिशवीत घालून ठाण्यात घेऊन गेले. तिथं हवालदारानं जोडून दाखवा म्हटलं, तेव्हा लक्षात आलं की पुढचा लाकडी तुकडा घरी उन्हात वाळत ठेवलाय. हवालदार अर्धी बंदूक जमा करून घेईना. "सर, पुढच्या टायमाला जोडूनच आणा," म्हणाला. तेव्हापासून सर अख्खी बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षानं नेऊ लागले.

एका निवडणुकीला मी त्यांच्याबरोबर होते. मला बँकेत जायचं होतं आणि रस्ता एकच होता. बंदुकीचं एक टोक सरांच्या मांडीवर आणि दुसरं रिक्षाच्या बाहेर. रिक्षावाल्यानं आरशातून दोनतीनदा बघितलं आणि शेवटी विचारलंच, "चाचा, ये इत्ता लंबा क्या है जी?"

"तंबोरा," सर म्हणाले.

"बजाते क्या आप?"

"नाही. फक्त निवडणुकीला जमा करतो."

रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडं फिरवला. आम्ही उतरलो तेव्हा मात्र ठाण्याच्या आवारात जत्रा भरली होती. कुणाची बंदूक गोधडीत, कुणाची पोत्यात, कुणाची बायकोच्या जुन्या नऊवारीत. सर रांगेत उभे राहिले ते केवळ नावाला. सगळ्या रांगेत फिरून त्यांनी प्रत्येकाची बंदूक कुठून सुटते ते विचारून घेतलं. माझी बँक उघडायची वेळ होत आली, मी निघाले. त्या दिवशी संध्याकाळी सर जिना चढून वर माझ्या खोलीत आले, ते मी त्यांच्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

"बाई, ठरलं," ते म्हणाले. "आखूड बंदूक घ्यायची. दोन तुकड्यांत सुटणारी. पिशवीत बसली पाहिजे आणि पिशवी स्कूटरवर पायांपाशी मावली पाहिजे."

सरांनी "ठरलं" म्हटल्यावर मला आनंद झाला. ती माझी चूक होती. फक्त निवडायचं ठरलं होतं.

सरांना काय हवं होतं ते मलाही नंतर पाठ झालं. त्याला कार्बाईन म्हणतात. दिसायला छोटी रायफल, पण तिच्यात पिस्तुलाची गोळी जाते, बत्तीस बोअरची. एक झाडली की हातानं दुसरी चढवायची. पिस्तुलाची गोळी असल्यामुळे खांद्याला धक्का कमी. दुनळीचा दणका साठीनंतर सरांच्या खांद्याला सोसेना, आणि नेम धरायची हौस तर एनसीसीपासूनची. रविवारी रायफल क्लबच्या रेंजवर जायचं, कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि येताना कांदे-बटाटे घेऊन यायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. डुकरांचा त्यात काही संबंध नव्हता. "डुकराला फटाका पुरतो," सर म्हणायचे.

सरांनी रीतसर अर्ज केला. दुनळी औरंगपुऱ्यातल्या बंदुकीच्या दुकानात दिली, आणि नवीन खरेदीची परवानगी मिळाली. परवानगीला मुदत होती. त्या मुदतीकडे सरांनी दुर्लक्ष केलं.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे पिशवी शिवून घेतली. काकूंनी जुन्या लुगड्याचे थर घालून गोधडीसारखे टाके घातलेली, आतून मऊ अशी पिशवी शिवून दिली. आता बंदूक पिशवीच्या मापाची शोधायची होती. मी म्हटलं, "सर, लोक आधी बंदूक घेतात." सर म्हणाले, "लोक आधी गाडी घेतात आणि मग ती लावायला जागा शोधत बसतात. तुमच्या बँकेसमोर रोज बघतो मी."

मग त्यांनी सागवानाची नमुन्याची बंदूक बनवली. दुकानात बघून आलेल्या प्रत्येक कार्बाईनची लांबी, वजन, जोडाची जागा घ्यायची आणि घरी येऊन तसाच लाकडी नमुना करायचा. वजन बरोबर यावं म्हणून पोकळीत वाळू भरायची. असे चार-पाच नमुने झाले. ते पिशवीत घालून सर स्कूटरवरून दौलताबादच्या रस्त्याला चक्कर मारून यायचे, खड्ड्यांत काय आवाज येतो ते ऐकायचे. संध्याकाळी हॉलमधला दिवा घालवून, डोळे मिटून, बंदूक सोडायची आणि जोडायची. काकू शेजारी बसून शेंगा फोडत असायच्या. एकदा दिवा लावला तेव्हा बंदुकीच्या तोंडात शेंगदाणा निघाला. काकूंनी नाही म्हटलं, पण त्या फार वेळ हसत होत्या.

औरंगपुऱ्यातलं ते दुकान माझ्या शाखेच्या मागच्याच गल्लीत होतं. दुकानदाराला सगळे भाई म्हणत. शांत माणूस. सर आले की तो गल्ल्यावरून उठून आधी चहा सांगायचा, कारण त्याला माहीत होतं की विक्री होणार नाही पण वेळ जाणार आहे. शेवटी शेवटी सरांच्या निवडीत दोनच कार्बाईन उरल्या. दोन्ही पिशवीत बसत होत्या. एकीचा जोड खटक्याचा होता. अंगठ्यानं खटका दाबला की नळी हातात. दुसरीला नळीच्या मुळाशी पोलादाची कडी होती. ती मुठीत घट्ट धरायची, आत दाबायची आणि फिरवायची, मग नळी सुटायची. जोडतानाही तेच, उलटं. सर सोमवारी खटक्याच्या बाजूनं असायचे आणि गुरुवारी कडीच्या.

"सर," भाई एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "लोगां लडकी देखने आते ना, तो भी तीसरे बार में हौ-नक्को बोल देते."

"मी सहा महिने घेतले होते," सर म्हणाले. "आणि पस्तावलो नाही."

असं ते घोंगडं भिजत पडलं होतं. सरांचं त्यात काही अडत नव्हतं, उलट ते रोज नव्या उत्साहानं उठत होते. मला तर वाटायला लागलं होतं की बंदूक घेतली तर हा माणूस उद्यापासून करेल काय. तेवढ्यात दिवाळी आली, साफसफाई आली आणि शिडी आली.

शिडीही सरांनीच बनवलेली आणि दोन तुकड्यांची. मधला जोड एका लोखंडी खिळीवर होता. साफसफाईत सरांनी ती खिळी काढून रॉकेलमध्ये भिजत घातली, आणि तेवढ्यापुरती तिथं पलंगाची लाकडी खुंटी बसवली. मग ते टाकी धुवायला वर चढले. काकू सांगतात ते असं: "धाड आवाज आला म्हनून भाईर आले. वर पाह्यलं तर अर्धी शिडी भिंतीला, अन् खाली पाह्यलं तर अर्ध्या शिडीला हे."

डावं मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर निघालं तरी बोटं मिटेनात. डॉक्टरनं मुठीत लिंबू धरून दाबायला सांगितलं. सर दिवसभर लिंबू दाबत बसायचे आणि संध्याकाळी काकू त्याच लिंबाचं सरबत करायच्या. पण काकूंनी घरात हुकूम काढला. सुटणारी एकही नवी वस्तू ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. पलंगाच्या खुंट्या त्यांनी स्वतः खिळे मारून पक्क्या केल्या. हातोड्याचा आवाज मला वर ऐकू येत होता.

त्यानंतर सर बदलले. दुकानात जायचं टाळू लागले. मी विचारलं तर म्हणायचे, "अजून एक मॉडेल यायचंय." मी भाईला विचारलं. तो म्हणाला, कुठलंच मॉडेल यायचं नाहीये, पण मुदत मात्र संपायला आलीये. एकदा वाढवून मिळाली होती, आता सरकार पुन्हा वाढवून देईल असं वाटत नाही, आणि ह्या वयात नवा अर्ज केला तर मंजूर होईलच असं नाही. मला सरांचा रागच आला. एवढे सगळे नमुने, एवढं सगळं डोळे मिटून जोडणं, आणि आता शेवटच्या आठवड्यात हे नवीन नाटक कशाला?

मी जाब विचारायला म्हणून गच्चीवर गेले. सर पाठमोरे बसले होते. कडीचा जोड असलेला लाकडी नमुना त्यांच्या मांडीवर होता. उजव्या हातात दस्ता आणि डाव्या हातात कडी. ती फिरेना. त्यांनी हात बदलला, तर डाव्याला वाळू भरलेला दस्ता पेलेना आणि नमुना खाली पडला. कसंही केलं तरी डाव्या हाताची सुटका नव्हती. मी परत फिरणार होते, पण त्यांनी मला बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "घरात नाही फिरली तर मी आणि लिंबू, दोघांनाच माहीत. दुकानात चार लोकांसमोर नाही फिरली तर?"

"मग खटक्याची घ्या सर. ती सोपी आहे."

"हो. सोपी आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा राग कुठल्या कुठं गेला. आयुष्यभर ज्याचे हात बघून पोरं शिकली, त्याला सोपी वस्तू घ्या म्हणायला नको होतं, एवढं मला कळलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी काकू बँकेत आल्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. मागं सर, धुतलेला शर्ट घालून, शाळेच्या तपासणीला आल्यासारखे. काकू काऊंटरशी आल्या आणि म्हणाल्या, "उठ गं पोरी. बंदूक घ्यायला जायचंय."

"काकू, तुम्हीच तर बंदी घातली होती."

"घातली व्हती. पर हे तोंड पाडून बसतात दिसभर. चहा घ्या म्हनलं तर व्हय, जेवा म्हनलं तर व्हय. चाळीस वर्षांत ह्या मानसानं कव्हा एका फटक्यात व्हय म्हनलं नाय. मला भ्या वाटाया लागलं. दगडापरीस वीट मऊ. बंदूक परवडली."

मी साहेबांना अर्ध्या तासाची परवानगी मागितली. भाईनं आम्हाला तिघांना बघून चहा सांगितला, पण चहा यायच्या आधीच दोन्ही कार्बाईन काचेवर मांडल्या. "सर, आज आखरी दिन है," एवढंच म्हणाला. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती सरकून उभी राहिली.

सरांनी खटक्याची उचलली. एका दमात सोडली, एका दमात जोडली. सुरेख. भाईनं मान डोलावली, मीही डोलावली. मला वाटलं, झालं, सुटलो आपण सगळे. पण काकू पुढं झाल्या.

"आणा इकडं," म्हणाल्या. त्यांनी जोडलेली बंदूक दोन्ही हातांत घेतली, ओढून बघितली, पिळून बघितली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं त्यांचं चाललं होतं. ओढता ओढता त्यांचं कोपर काचेच्या कडेला लागलं, हाताचा तळवा खटक्यावर दाबला गेला आणि नळी त्यांच्या हातात आली.

"ही शिडी हाय," काकू म्हणाल्या आणि दोन्ही तुकडे काचेवर ठेवले. "ही नको. दुसरी दावा."

भाईनं पहिली काचेवरून उचलली. त्यानं दुसरी पुढं सरकवली. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले.

त्यांनी उजव्या हातात दस्ता धरला आणि डाव्या हातानं कडी पकडली. दाबली. बोटं घसरली. एका गिऱ्हाइकानं मदतीला हात पुढं केला, तर काकूंनी नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं हात मागं घेतला. काकूंनी मात्र स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. आपलेच हात पुढं जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते बांधून ठेवल्यासारखे केले होते. सरांनी तळवा शर्टाला पुसला. परत पकडली. ह्या वेळेला त्यांनी डोळे मिटले, घरी दिवा घालवून मिटायचे तसे. कपाळावर घाम आला. मग कडी आत गेली आणि हळूहळू, अगदी कुरकुरत, फिरली. नळी सुटली. सरांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी ती परत लावली, कडी उलटी फिरवली आणि टक् असा बारीक आवाज आला.

"काकू, बघा ओढून," मी म्हटलं.

काकूंनी ओढली, पिळली, काचेच्या कडेला कोपर लावूनही बघितलं. हलली नाही. त्यांनी ती सरांना परत दिली आणि म्हणाल्या, "ही पोरगी चांगलीय."

"सर, ये सख्त है," भाई म्हणाला. त्याला खरंच काळजी वाटत होती. "रोज खोलना लगाना, तकलीफ होगी आपको."

"तेच पाहिजे," सर म्हणाले. ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "खटक्याची घेतली तर हा हात घरी झोपा काढील. हिच्यासाठी त्याला रोज उठायला लागेल. बांधा ही."

त्यानंतर त्यांनी ती दुकानात इतक्या वेळा सोडली आणि जोडली की चहा दोनदा गार झाला आणि माझा अर्धा तास केव्हाच उलटून गेला. प्रत्येक वेळी गिऱ्हाइकं त्यांच्याबरोबर श्वास धरायची. बाहेर पडताना काकूंनी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि सगळ्या गल्लीतून ती अशी नेली की आत काय आहे ते कुणी विचारावं अशी त्यांची इच्छा असावी. कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्या जरा खट्टू झाल्या.

लायसनवरच्या नोंदी, सह्या-शिक्के सगळं आटोपल्यावर एका रविवारी आम्ही तिघं रेंजवर गेलो. मीही गेले, कारण आता मला ते बघितल्याशिवाय चैन पडलं नसतं. काकूंनी कानात कापूस घातला होता आणि वर पदर घेतला होता. सरांच्या शेजारच्या जागेवर एक निवृत्त फौजदार होते. भारदस्त माणूस, मोठी मिशी. सरांनी सगळ्यांदेखत बंदूक जोडली. मग दस्ता खांद्याला लावून, नळीखाली डावा हात धरून ते उभे राहिले, ते इतका वेळ की फौजदारांच्या पाचही गोळ्या झाडून झाल्या. मग सर हळूहळू, प्रत्येक गोळीला वेळ घेत, नेम धरत राहिले. दुनळीसारखा दणका नव्हता. छोटा, नेटका आवाज. डावा हात एकदाही हलला नाही. मी तेवढंच बघत होते.

गोळ्या थांबल्याची झेंडी पडल्यावर सगळे कागदांकडे गेले. सरांचा कागद कोरा होता, एक ओरखडाही नाही. मला काकूंकडं बघवेना.

तेवढ्यात शेजारून फौजदारांचा आनंदाचा हुंकार आला. त्यांच्या कागदावर कडेकडेला चार-पाच भोकं विखुरलेली होती, आणि अगदी मधोमध, काळ्या गोलाच्या पोटात, एकमेकांना खेटून आणखी पाच भोकं होती. सगळी मिळून बांगडीत मावतील इतकी जवळ. सरांनी ती बघितली, कागदाच्या वर लिहिलेला जागेचा आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. तो डावा हात होता.

"हात बरोबर आहे," ते मला म्हणाले. "कागद चुकला."

फौजदार मात्र मानायला तयार नव्हते. इतकी वर्षं त्यांच्या कागदावर मधोमध काही लागलं नव्हतं. "माझ्या कागदावरचं ते माझं," ते म्हणाले आणि कागद काढून गुंडाळायला लागले. सर हसून म्हणाले, "असू द्या साहेब, ठेवा तुम्ही."

काकूंनी कानातला कापूस काढला. त्या फौजदारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला.

"कडंची तुमची," त्या म्हणाल्या. "मधली भोकं ह्यायची हायेत. कागद द्या."

फौजदारांनी कागद दिला.